डेकोरेटिव्ह पॅनल आणि अकरा नावं

इमारतीवर आर्किटेक्टचं नाव लागतं, बिल्डरचं लागतं, आणि उद्घाटनाला जो तासभर उशिरा येतो त्याचं सगळ्यात मोठ्या अक्षरांत लागतं. ज्या हातानं नकाशा काढलेला असतो त्याच्या वाट्याला कागदाच्या उजव्या कोपऱ्यातली एक चौकट येते. तिथे 'ड्रॉन बाय' असं छापलेलं असतं आणि पुढे दोन अक्षरं. माझी दोन अक्षरं एस. के., म्हणजे सुनंदा कडू. आडनाव कडू आणि जीभही तशीच, असं ऑफिसात म्हणायचे. माझ्यासमोर म्हणत नसत, कारण पुरावा लगेच मिळाला असता.

जन्म, शिक्षण, नोकरी आणि निवृत्ती हा भाग मी गाळते आहे. तो सगळ्यांचा सारखाच असतो आणि दिवाळी अंकात लोक तो उलटूनच पुढे जातात. आयटीआयचा कोर्स करून मी उल्हासनगरात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ट्रेसर म्हणून लागले, एवढं पुरे. ट्रेसर म्हणजे काय, हे माझ्या आईला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. ती आमच्या हेंद्रेपाड्यातल्या शेजारणींना सांगायची, "आमची सुनंदा हापिसात काचेसारख्या कागदावर गिरवते." याहून चांगली व्याख्या मला पुस्तकातही सापडली नाही. साहेब पेन्सिलीनं नकाशा काढणार, त्यावर मी आरपार दिसणारा ट्रेसिंग पेपर ताणून बसवणार आणि शाईच्या पेनानं गिरवणार. चुकलं तर दाढीच्या पात्यानं शाई हळूच खरवडायची. मग त्याच्या प्रिंट काढायच्या, अमोनियाच्या मशीनवर. प्रिंट काढणाऱ्या आमच्या वामनरावांचे डोळे त्या वासानं दिवसभर भरलेले असत, आणि आलेल्या गिऱ्हाइकांना वाटे की हा माणूस आपल्या कामात फार जीव ओततो.

या धंद्यात विचार करायचा नसतो. विचार साहेब करतात, आपण गिरवायचं. अंबरनाथच्या एका बंगल्यात मी साहेबांची पेन्सिल जशीच्या तशी गिरवली आणि बांधून झाल्यावर लक्षात आलं की संडासाचं दार थेट स्वयंपाकघरात उघडतं. मालक तावातावानं आले. साहेब शांतपणे म्हणाले, "ट्रेसिंगची चूक." त्या दिवशी मी ठरवलं की यापुढे गिरवताना स्वतःचं डोकं वापरायचं. आता जी हकिगत सांगणार आहे, ती मी डोकं वापरल्यामुळेच घडली.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. आमच्याकडे एक समिती आली. उल्हासनगर बाहेरच्यांना ठाऊक असतं ते फर्निचर आणि कपड्याच्या बाजारामुळे. पण मुळात ही लष्कराची छावणी. फाळणीनंतर सिंधमधून बोटींनी आलेल्या माणसांना इथल्या रिकाम्या बराकींत आणून ठेवलं आणि त्या छावणीचं शहर झालं. अजूनही लोक पत्ता सांगताना कॅम्प नंबर आणि बराक नंबर सांगतात. अशीच एक बराक कशीबशी उभी राहिली होती. आल्या आल्या माणसांची नावं जिथे लिहून घेत, ती ही बराक. समितीला तिथे स्मारक करायचं होतं. नुसता पुतळा-बितळा नको, लोकांनी येऊन शांत बसावं, मागचं आठवावं, अशी जागा. कल्पना खरंच चांगली होती. म्हणून तर समितीतल्या सगळ्यांनी मिळून तिचा पाठलाग सुरू केला.

समितीचे अध्यक्ष गोपालशेठ, फर्निचरवाले. माणूस मनानं चांगला, फक्त रिकामं काही बघवत नसे. आमच्या साहेबांचं उलट. ते परदेशी मासिकं वाचत आणि रिकाम्या जागेवर त्यांची श्रद्धा होती.

"शेठ, रिकामी जागा बोलते," साहेब म्हणाले.

"बोलती है ना? तो उसको बोलो, दो दुकान निकाल के दे," शेठ म्हणाले.

मग मागण्या आल्या. रंगीत दिव्यांचं कारंजं हवं. सिमेंटची बोट हवी, त्यात सिमेंटची माणसं. शांततेसाठी चार कोपऱ्यांत चार स्पीकर हवेत. "मेडिटेशन का म्युझिक लगाएंगे, तब तो पब्लिक को शांती मालूम पडेगी," असं एका सभासदाचं म्हणणं. साहेबांनी बोट बुडवली आणि कारंजंही होऊ दिलं नाही. त्याऐवजी उथळ पाण्याचं एक चौकोनी कुंड काढलं आणि नाव ठेवलं 'चिंतनकुंड'. पुढे ते बांधून झाल्यावर त्यात पहिलं चिंतन डासांनी केलं, आणि बराच काळ दुसऱ्या कुणाला ते करू दिलं नाही.

या सगळ्यात एक दिवस अदी ईश्वरी ऑफिसात आल्या. सिंधीत अदी म्हणजे बहीण, पण त्यांना अख्खा कॅम्पच अदी म्हणायचा. सिंधी शाळेत मास्तरीण होत्या. पोरं इंग्रजी शाळेत जायला लागली, वर्ग आटत गेले, आणि शेवटी यांच्या वर्गात बाकं जास्त आणि मुलं कमी झाली तेव्हा मुदतीआधीच निवृत्त झाल्या. पांढरी साडी, हातात कापडी पिशवी, आणि समोरच्याला आपोआप सरळ बसायला लावणारी नजर. साहेब साइटवर गेले होते. त्या माझ्या टेबलासमोर बसल्या.

"तू मराठी, मैं सिंधी. बोल, भांडण हिंदीत करू?"

"भांडण कशाला, अदी?"

"करना पडेगा. वो लोग मानेंगे नहीं."

पिशवीतून त्यांनी एक कागद काढला. त्यावर अकरा ओळी होत्या, एका ओळीत एकच नाव. अक्षरं उजवीकडून डावीकडे जाणारी, ठिपक्याठिपक्यांची. मी शहाणपणानं म्हणाले, "उर्दू आहे ना?"

"अडे! उर्दू नहीं, सिंधी. हमारी लिपी. बावन्न अक्षर हैं, तेरे से जास्ती."

मग त्यांनी सांगितलं. आल्या तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या आणि धाकटा भाऊ मोती सहा वर्षांचा. याच बराकीबाहेर रांगेत त्याला कडेवर घेऊन उभ्या होत्या आणि त्याच्या अंगात ताप होता. नंबर लागायला तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी टेबलापाशी पोचल्या तेव्हा कडेवर कुणी नव्हतं. नाव सांगितलं तर कारकून म्हणाला, जो नाही त्याचं नाव कशाला लिहायचं. कारकुनाचं नियमाला धरून बरोबरच होतं. त्या पावसाळ्यात आसपासच्या बराकींतली अशी आणखी दहा मुलं गेली. कुणाचंच नाव कुठेच लागलं नाही.

"मोती कहीं लिखा ही नहीं है," अदी म्हणाल्या. "राशन कार्ड पे नहीं, रजिस्टर में नहीं. माझ्या आईला फक्त हीच लिपी वाचता यायची. मरेपर्यंत म्हणायची, एक जगह तो लिखा हो. बस, इतना काम है. इसी जगह, इसी लिपी में."

हे ऐकून माझ्या तोंडून एकही टोमणा निघाला नाही. ऑफिसातल्या लोकांनी त्या दिवसाची नोंद ठेवायला हवी होती.

समितीच्या बैठकीत मी नकाशे घेऊन बसले होते, तिथे अदींनी कागद ठेवला. गोपालशेठ म्हणाले, "अदी, आपकी भावना को प्रणाम. पर मरे हुए बच्चों के नाम? मनहूस लगेगा. लोग फॅमिली लेके आएंगे." दुसरे म्हणाले, "और ये पढेगा कौन? मुझे खुद को नहीं आती, तो बच्चों को क्या आएगी. लिखना है तो इंग्लिश में दाताओं के नाम लिखो, ग्रॅनाइट पे." अदींनी कागदाची घडी घालून तो माझ्याकडे दिला आणि निघून गेल्या. माझ्याकडे का दिला, हे मला अजून कळलेलं नाही. बहुधा खोलीत गप्प बसलेली मी एकटीच होते.

मी साहेबांना तो कागद दाखवला. साहेबांनी लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाले, "टेक्स्चर सुंदर आहे!" मला वाट सापडली. बराकीच्या मागच्या अंगाला एक छोटं उघडं अंगण ठेवलेलं होतं, आणि त्याच्या भिंतीला काय लावायचं हे ठरत नव्हतं. नकाशात मी तिथे एक बाण काढला आणि लिहिलं, 'डेकोरेटिव्ह पॅनल, काळा दगड, कोरीव'. समितीनं प्रिंट पाहिली. डेकोरेटिव्ह म्हटल्यावर उल्हासनगरात कुणी हरकत घेत नाही. पॅनल मंजूर झालं. माझ्या अख्ख्या नोकरीत मी केलेली ही एकमेव लबाडी, आणि तिचा मला अभिमान आहे.

आता गिरवायचं काम. अदींचा कागद खाली ठेवून मी त्यावर ट्रेसिंग ताणला आणि दगडाच्या मापानं अक्षरं मोठी करत गेले. तीन दिवस लागले. वाचता येत नसलेलं गिरवताना माणूस फार इमानदार होतो. मी प्रत्येक टिंब मोजलं. अदींच्या कागदावर जितकी, तितकीच माझ्या कागदावर. मग ट्रेसिंग टेबलावरून सोडवून गुंडाळला आणि अंबरनाथला शिवमंदिराच्या जवळ बसणाऱ्या नथूबाबांकडे घेऊन गेले. नथूबाबा वांगणीकडचे पाथरवट. पाटे, वरवंटे, देवांच्या मूर्ती, सगळं करत.

दगड तयार होता. नथूबाबांनी ट्रेसिंग उलगडून त्यावर ठेवला आणि डोळे बारीक केले. आरपार दिसणारा कागद, दोन्ही बाजूंनी शाई सारखीच दिसते.

"बाय, यो सुलटा कंचा न उलटा कंचा? मना त मुंग्या चालल्यावानी दिसतंय."

इथे मी डोकं वापरलं. कागदाकडे पाहिलं, तर अकरा ओळींची सरळ कड उजव्या बाजूला होती आणि डावीकडे ओळी कमी-जास्त सुटलेल्या होत्या. यादी डावीकडून एका रेषेत सुरू होते, हे बालवाडीतल्या पोरालाही कळतं. लिपी उजवीकडून जाते हे मला ठाऊक होतं, पण ते डोक्यात होतं आणि हात आयुष्यभर डावीकडून सुरू करत आला होता.

"उलटा ठेवलात, बाबा," मी ठासून म्हणाले, आणि माझ्या हातानं कागद पालथा केला.

बाबांनी मागून गेरू लावला, खिळ्यानं अक्षरं दगडावर उतरवली आणि महिनाभर छिन्नी चालवली. दगड बसवला त्या दिवशी मी परत टिंबं मोजली. एकही कमी नव्हतं.

उद्घाटन झालं. पाहुणे आले, भाषणं झाली, जनरेटर चालू ठेवून दोन मिनिटांचं मौन पाळलं गेलं आणि ते चाळीस सेकंदांत आटोपलं. नंतर फोटोसाठी चांगली जागा शोधता शोधता सगळे मागच्या अंगणात आले, कारण कुंडापाशी डास होते. गोपालशेठनी पॅनलवर हात ठेवला आणि पाहुण्यांना सांगितलं, "ये हमारी प्राचीन सिंधी लिपी. इसमें हमारे त्याग की पूरी गाथा लिखी है." पाहुणे म्हणाले, "अद्भुत!" समितीतले सात-आठ सिंधी गृहस्थ मागे उभे होते. सगळ्यांनी माना डोलावल्या.

अदी सगळ्यात शेवटी आल्या. गर्दी पांगली होती. त्या दगडासमोर उभ्या राहिल्या. मी बाजूला उभी होते, आणि खोटं कशाला बोलू, शाबासकीची वाट बघत होते. त्यांचा चेहरा वर्गात पोरानं पाटी पालथी धरावी तेव्हा होतो तसा झाला.

"किसने लिखा?"

"मी गिरवलं, अदी."

"आरसा आहे पर्समध्ये?"

होता, कुंकवापुरता गोल आरसा. त्यांनी तो घेतला आणि दगडाकडे पाठ फिरवली. आरसा खांद्याच्या वर धरून त्या वाचू लागल्या. वर्गात हजेरी घ्यावी तशा स्वरात. एक नाव, मग क्षणभर थांबायचं, मग दुसरं. माझ्या डोक्यात उजेड पडायला चार नावं जावी लागली. अकरावं नाव मोतीचं होतं. मास्तरणीनं आपल्या घरचं नाव शेवटी घेतलं होतं. ते वाचून त्यांनी आरसा माझ्या हातात परत दिला.

"चालीस साल के बाद लिखा," त्या म्हणाल्या, "वो भी उलटा. शाबास, सुनंदा."

मला रडू फुटलं. इतकी शरम मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. म्हणाले, मी आत्ता साहेबांना सांगते, दगड बदलून घेते. त्या चिडल्या.

"पागल आहेस का? सांगशील तर काय होईल? हा दगड निघणार, ग्रॅनाइट लागणार. शेठ के बाप का नाम, वो भी इंग्लिश में. आज सबने देखा ना? किसी को पता चला? तो चुप बैठ."

म्हणजे दगड टिकणार होता तो फक्त एका गोष्टीच्या जोरावर. अदी सोडल्या तर गावात तो वाचू शकेल असं माणूस उरलं नव्हतं. अदींना याचं दुःख जास्त होतं की माझ्या चुकीचं, हे मी विचारलं नाही.

तरी मी नथूबाबांकडे जाऊन आलेच. ते पाट्याला टाकी लावत होते. "दगराव रबर नाय चालत, बाय," ते म्हणाले. "तुला इचारलेला ना मी?" विचारलं होतंच. साहेबांसारखं 'ट्रेसिंगची चूक' म्हणावं, तर ट्रेसर मीच होते.

अदी दर गुरुवारी यायला लागल्या, घरचा आरसा घेऊन. पाठ फिरवून उभी राहिलेली पांढऱ्या साडीतली बाई बघून बायकांना वाटलं, इथली पद्धतच असेल. त्याही आरसे आणू लागल्या. त्यात काय बघायचं ते ठाऊक नव्हतं, पण वर्षभरात असं ठरलं की इथे आरशात बघितलं की लहान मुलांची नजर उतरते. साहेबांचं चिंतनकुंड कोरडं पडलं, बसायच्या कट्ट्यांवर पापड वाळत घातले जाऊ लागले, आणि लोक गप्प उभे राहत ते फक्त माझ्या चुकीसमोर.

मग व्हायचं ते झालं. पुण्याहून आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी दगड पाहिला आणि थेट आमच्या ऑफिसात आले. "ते सगळं उलटं कोरलंय," त्यांनी साहेबांना सांगितलं. मी टेबलाशी पेन धूत होते. आता दगड जाणार, मोती परत कुठेच नसणार, या विचारानं मला बाकी काही सुचेना. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि परत घातला. तेवढ्या वेळात त्यांना उत्तर सुचलं.

"अर्थात उलटं," साहेब म्हणाले. "तीच तर संकल्पना आहे. भूतकाळ समोरून वाचता येत नाही. पाठ फिरवावी लागते, आरशात बघावं लागतं, आणि त्यात आपलाही चेहरा येतो."

ते गृहस्थ उठून उभे राहिले आणि त्यांनी साहेबांचे दोन्ही हात हातात घेतले. पुढे यावर लेख आला. कॉलेजची मुलं वह्या घेऊन बघायला येऊ लागली. साहेबांना शाल मिळाली आणि गोपालशेठ सांगू लागले की ही कल्पना मूळ समितीची. दगड हलवायचं आता कुणाच्या बापाची छाती नव्हती. आयुष्यात एकदाच साहेब 'ट्रेसिंगची चूक' म्हणाले नाहीत, आणि नेमकी तेव्हाच ती होती. त्यांना मी आजतागायत मनातल्या मनात सगळं माफ करून टाकलेलं आहे, त्या संडासाच्या दारासकट.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला अदींना मोतीबिंदू झाला. ऑपरेशन झालं, पण नजर नीट आली नाही. एका गुरुवारी मला घेऊन अंगणात आल्या.

"माझ्या मागे कौन पढेगा? तू शीख. तेरी सजा है."

मी शिकले. बावन्न अक्षरं नाही आली मला. अकरा नावांपुरती आली. चुकले की त्या माझ्या मनगटावर दोन बोटांनी टिचकी मारायच्या. मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली बाई होते. मोतीचं नाव त्यांनी सगळ्यात आधी शिकवलं. वर दोन टिंबं, खाली दोन टिंबं. आरशात बघा की दगडावर बघा, टिंबांना उलटं-सुलटं नसतं. म्हणूनच मोजून काही उपयोग झाला नव्हता.

शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेले तेव्हा त्यांना फारसं बोलता येत नव्हतं. त्यांनी बोटानं खूण केली. मी पलंगाशी बसून अकराही नावं म्हटली, पाठच होती. सातव्या नावाचा उच्चार चुकला. त्यांनी दोन बोटं उचलली, पण मनगटापर्यंत पोचली नाहीत. मीच माझा हात पुढे नेला.

आता मी निवृत्त आहे. नकाशे कॉम्प्युटरवर निघतात, ट्रेसर हा प्राणी संपला. मी राहते त्या कुळगावात जुन्या ओळखीचे भेटतात आणि विचारतात, तुम्ही कुठली कुठली कामं केलीत? मी बंगले सांगते, चाळी सांगते. त्या पॅनलचं श्रेय साहेबांकडे आहे आणि ते तिथेच सुरक्षित आहे.

गुरुवारी मात्र मी उल्हासनगरला जाते. कट्ट्यावरचे पापड जरा सरकवून पर्स ठेवते, दगडाकडे पाठ करते आणि तोच गोल आरसा खांद्यावर धरते. वाचायला उजवीकडून सुरू करते. प्रत्येक नावानंतर अदी थांबायच्या तेवढी थांबते. आणि शेवटी वर दोन टिंबं, खाली दोन टिंबं, मोती.